वळीव कुणाला पावतो, कुणाला बाधतो

मे महिन्यातली संध्याकाळ. पुण्यात आभाळ नुसतंच दाटून आलेलं. पहिला फोन माहेरून आला, साताऱ्याच्या माण तालुक्यातून. "पोरी, वळीव झाला गं! अर्धा तास नुसता कोसळत हुता. ढेकळं पार विरघळली बघ," आई सांगत होती आणि तिच्या आवाजात कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा हुरूप होता. तिचा फोन ठेवते न ठेवते तोच सासूबाईंचा, कोकणातल्या राजापूर तालुक्यातून. त्या रडकुंडीला आल्या होत्या. "अगो, आमसुलं आत घेईपर्यंत सगळी भिजली. चार दिवसांची मेहनत गेली."

आमसुलांचं काम किती चिवट असतं ते मी लग्नानंतर पाहिलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, परत रसात, परत उन्हात. सालं काळीभोर आणि चिवट होईपर्यंत हा फेरा चालतो. मध्येच पाऊस लागला की बुरशी धरते आणि मग ते आमसूल ना विकता येत, ना आमटीत घालता येत.

एकाच दिवशी, एकाच पावसानं एका घरात आनंद केला आणि दुसऱ्या घरात नुकसान. शहरात माझ्या अवतीभवतीच्या माणसांना हे सहज कळत नाही. "पाऊस पडला ना, मग टंचाई मिटली असेल गावची," असं कुणीतरी दरवर्षी म्हणतं. त्यांचा हेतू चांगला असतो. म्हणून एकदा हे नीट उलगडून सांगावंसं वाटलं: मार्च ते मे या तीन महिन्यांतला पाऊस आणि दुष्काळ यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, आणि तो कोकणात, देशावर, मराठवाड्यात, विदर्भात इतका वेगळा का भासतो.

वळीव आणि अवकाळी

हवामान खातं या पावसाला मान्सूनपूर्व पाऊस म्हणतं. गावात मात्र दोन शब्द आहेत. वैशाखात, शेतं रिकामी असताना, दुपारच्या तलखीनंतर येतो तो वळीव. पीक काढणीला आलेलं असताना येतो तो अवकाळी. ढग दोन्हीचा बहुतेक वेळा सारखाच असतो. शेतात काय उभं आहे, यावरून नाव बदलतं. मला ही दोन नावं फार शहाणपणाची वाटतात, कारण सगळा विषय त्या फरकातच आहे.

हा पाऊस तयार कसा होतो? चुलीवर आधण ठेवलं की तळचं पाणी तापून वर उसळतं, तसंच हे. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. नुसती तापलेली कोरडी हवा वर गेली तर काही होत नाही, वावटळ उठते एवढंच. तिच्यात बाष्प असावं लागतं. ते बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येतं. या महिन्यांत दोन्हीकडचे वारे दख्खनच्या मधोमध गाठ पडल्यासारखे भेटतात आणि विदर्भ-मराठवाड्यापासून खाली कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा एक लांबच लांब पट्टा पडतो. त्या पट्ट्यात चढलेली हवा थंड होते, ढग बांधला जातो आणि तासा-दोन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो. बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा' ऐकलात की हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

पाऊस पडण्याआधी या ढगातून गार हवा धाडकन खाली आदळते. तेच वादळ. गोठ्याचे पत्रे उडतात ते तेव्हा. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला मोठा फलक कोसळून १७ माणसं दगावली. तो अशाच मान्सूनपूर्व ढगाचा वारा होता.

मोसमी पाऊस याहून अगदी निराळा. तो शेकडो किलोमीटरवर पसरून येतो, दिवसेंदिवस रिपरिपतो. वळीव तुकड्यातुकड्यात पडतो. आमच्याकडे म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजावं आणि दुसरं कोरडं राहावं असा हा पाऊस. ओढ्याच्या अलीकडचं शिवार चिंब, पलीकडे धूळ. त्यामुळे 'तालुक्यात इतका पाऊस झाला' या आकड्यावर या दिवसांत फार विसंबू नये. पर्जन्यमापक जिथे आहे तिथला तो आकडा, तुमच्या बांधावरचा नव्हे.

गारा मात्र बहुतेक मार्च-एप्रिलच्या. तेव्हा उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचे थंड झोत वरच्या हवेत उतरलेले असतात, खाली जमीन तापलेली असते. पाणी गोठण्याची पातळी तुलनेने खाली आलेली असते. ढगातला वर जाणारा जोर थेंबांना त्या पातळीच्या वर नेतो, ते गोठतात, परत वर फेकले जातात, थरावर थर चढतो आणि वजन पेलेनासं झालं की गार सुटते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि देशावर अशा गारा पडल्या की शेतं बर्फाने पांढरी झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब, सगळं झोडपलं गेलं. शेळ्या-मेंढ्या आणि पाखरं मेली. पावसाळ्याच्या ऐन महिन्यांत गारा क्वचितच दिसतात, कारण तोवर वरची हवाही उबदार झालेली असते आणि गार खाली येईपर्यंत वितळते.

दुष्काळ ऑगस्टात पडतो, दिसतो एप्रिलात

महाराष्ट्रात वर्षाच्या पावसापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आपण त्या साठवणीवर जगतो. म्हणजे एप्रिलमध्ये हंडा रिकामा असतो, तेव्हा तो गेल्या ऑगस्टमध्येच रिकामा राहिलेला असतो. आपल्याला दिसतो उशिरा, एवढंच.

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं; तसं झालं की आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो. देशभरात ऑगस्ट इतका कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत तसा ऑगस्ट नव्हता. महिनाभर पावसाने ताण दिला, सोयाबीन फुलोऱ्यात असतानाच करपलं. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आणि खरी तहान लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, उजनी धरण 'वजा'मध्ये गेलं तेव्हा. हा 'वजा' शब्द बातम्यांत येतो आणि लोक गोंधळतात. धरणाच्या तळाशी असं पाणी असतं की जे कालव्याच्या दारापर्यंत पोचत नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. दाराच्या वरचं पाणी संपलं की हिशेब शून्याच्या खाली जातो. उजनीची क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आणि त्यातला निम्म्याहून अधिक हा मृतसाठा. म्हणून धरण वजामध्ये असूनही डोळ्यांना अथांग पाणी दिसतं, आणि काठावरचा माणूस मोटारीचे पाइप रोज पुढे-पुढे सरकवत असतो.

आता, अशा उन्हाळ्यात एक झकास वळीव झाला तर काय होईल? हिशेब करून बघू. समजा २० मिलिमीटर पाऊस झाला. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकराचे साधारण चार हजार चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर ८० हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे आठ टँकर! मग टंचाई मिटायला हवी की नको?

नाही मिटत. तापून भेगाळलेली काळी माती आधी स्वतः पिते. एक मीटर खोलीपर्यंतची कोरडी काळी माती नीट ओली व्हायला साधारण दोनशे मिलिमीटर पाणी लागतं. वीस मिलिमीटरमध्ये वरची चार बोटं ओली होतात, थोडं भेगांतून खाली उतरतं. आणि मे महिन्यात उघड्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. तीन-चार दिवसांत जमीन जशीच्या तशी. विहिरीपर्यंत काही पोचतच नाही. त्यातून महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टच्या खडकाचा. त्या पाषाणात पाणी धरायला जागा कमी. वरच्या मुरुमात आणि खडकाच्या सांध्यांत काय साठेल तेवढंच. ती साठवण व्हायला दिवसेंदिवस झिरपणारा पाऊस लागतो, अर्ध्या तासाचा धिंगाणा नव्हे. वळीव धरणही भरत नाही, कारण पाणलोटाची जमीन भिजून तृप्त झाल्याशिवाय ओढे वाहते होत नाहीत.

मग आई का आनंदली होती? तिचा आनंद खोटा नव्हता, फक्त तो पिण्याच्या पाण्याचा नव्हता. नांगरट करून ठेवलेल्या रानात दगडासारखी ढेकळं असतात. वळवाने ती फुटतात आणि कुळवाची पाळी सोपी जाते. तणाचं बी उगवून येतं आणि पेरणीआधीच त्याचा बंदोबस्त करता येतो. बांधावर आठवड्याभरात हिरवं पोपटी गवत तरारतं, शेळ्यांना तोंड घालायला काहीतरी मिळतं. चार दिवस पोरंबाळं अंगणात गारव्याला झोपतात. माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथे पाच हजारांच्या वर. सह्याद्री ढगांना अडवून पिळून घेतो आणि आमच्याकडे उरतो तो वारा. अशा पर्जन्यछायेच्या मुलखात वळवाची एक सरसुद्धा घरात पाहुणा आल्यासारखी वाटते.

पाणी पडतं तिथेही हंडे

पर्जन्यछायेतला दुष्काळ समजण्यासारखा आहे. मला जास्त लागतं ते कोकणातलं आणि घाटमाथ्यावरचं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका कातळ उतरून झऱ्यावर रात्रीच्या जाऊन बसतात. कारण जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी धरत नाही. उतार तीव्र, नद्या आखूड. घाटात पडलेलं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याकडे पाहा. भातसा, तानसा, मोडकसागर... मुंबईची तहान भागवणारी धरणं याच मुलखात. आणि याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. टँकर विहिरीत ओततात, आणि मग विहिरीच्या काठावर गर्दी करून बायका पोहऱ्याने तेच पाणी उपसतात. गढूळ, पाचोळा पडलेलं. पाऊस कमी म्हणून ही टंचाई आलेली नाही. पाणी कुणासाठी अडवलं आणि कुणाच्या दारातून नेलं, त्यातून ती आली आहे. वळीव आला तर तिथे डबक्यात थोडं पाणी साचतं, दोन दिवस गुरांचं भागतं.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं एक गोष्ट नेहमी सांगतात: तेव्हा विहिरींना पाणी होतं, धान्य नव्हतं. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आज रेशनवर धान्य मिळतं, पण पाणी नाही. लातूरला २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे तिथे पोचली, दहा वाघिण्या, सुमारे पाच लाख लिटर. सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आलेलं कृष्णेचं पाणी. त्या वर्षीही लातूर भागात अधूनमधून वळीव झाले. त्याने लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणात काही फरक पडला नाही.

दुष्काळ जाहीर होतो म्हणजे काय, हेही इथेच सांगते. पूर्वी गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने रुपयात किती पैसे पीक आलं त्याचा अंदाज, काढत आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ मानत. आता पावसाची तूट, मातीतली ओल, उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा आणि धरणसाठे असे निकष लावतात. जाहीर झालं की शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष सैल, गरजेप्रमाणे टँकर. घरात मात्र दुष्काळ याआधीच शिरलेला असतो. कडब्याच्या पेंढीचा भाव चढतो, दावणीची दुभती म्हैस बाजारात जाते, आणि पाण्याच्या खेपांपायी शाळेला पहिली दांडी पडते ती मुलीची.

मार्चातला पाऊस सप्टेंबरात जेवणाच्या ताटात

नाशिक जिल्ह्यात उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो. उपटलेला कांदा लगेच चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर कोठारात, टाकत नाहीत. शेतातच ओळीने असा पसरतात की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर झाकण घालते. तीन-चार दिवस तसाच सुकू देतात. मान बारीक होऊन मिटते, वरचं टरफल कागदासारखं वाजायला लागतं. मग मान थोडी ठेवून पात कापायची, सावलीत परत वाळवायचा आणि मग चाळीत भरायचा. असा कांदा ऑक्टोबरपर्यंत टिकतो. तो टिकतो म्हणूनच पावसाळाभर देशाला कांदा मिळतो. लासलगावचा भाव सगळीकडे बोलला जातो तो याचमुळे.

आता त्या तीन-चार दिवसांत पाऊस लागला असं समजा. बाहेरून कांदा धडधाकट दिसतो. शेतकरी बिचारा परत वाळवून चाळीत भरतो. पण मानेतून पाणी आत गेलेलं असतं. महिन्या-दीड महिन्यात चाळीतून वास सुटतो, एका कांद्यामुळे शेजारचे दहा नासतात. शेतकऱ्याला दोन वाटा उरतात: भिजलेला माल तेव्हाच मिळेल त्या भावाने विकायचा, किंवा जुगार खेळून ठेवायचा. सगळे एकदम विकायला काढतात, भाव पडतो. पुढे सप्टेंबरात चाळी रिकाम्या, भाव कडाडतो, आणि शहरात आपण म्हणतो, शेतकऱ्याची चांदी झाली. ज्याचा कांदा एप्रिलात मातीमोल गेला त्याच्याकडे सप्टेंबरात विकायला काही नसतं.

सांगली-तासगावकडे द्राक्षाचं तसंच, फक्त आणखी किचकट. मार्च-एप्रिलात शेडवर बेदाणा वाळत असतो. ओल लागली की तो काळवंडतो आणि प्रत घसरते. एप्रिलच्या सुमारास बागांची खरड छाटणी होते. त्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे घड घडत असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्याला भरपूर ऊन लागतं. मे ढगाळ, पावसाळी गेला तर ऑक्टोबर छाटणीनंतर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणाव, निघते. २०२५ मध्ये नेमकं हे झालं. त्या वर्षी मे महिन्यात पावसाने जवळजवळ उसंतच दिली नाही, मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. एरवीची त्याची तारीख ११ जून. इतका लवकर तो नोंदींत कधी आलेला नव्हता. पुढे द्राक्ष बागायतदारांकडून घड कमी निघाल्याच्या तक्रारी आल्या. मे महिन्यातल्या ढगांचा फटका पुढच्या फेब्रुवारीच्या द्राक्षांना.

मंगळवेढ्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या रानातल्या ओलीवर पिकतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. कणसं भिजली की दाणा काळा पडतो, आणि भाकरीची ज्वारी काळी असेल तर तिला गिऱ्हाईक नाही. कडबाही भिजून काळा पडतो, जनावर तो तोंडात धरत नाही. हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते, तिचा रंग जातो. रावेर-यावलला वादळ केळी आडव्या करतं.

विदर्भातल्या संत्र्याची गंमत अशी की तिथे झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरायचा तर एप्रिल-मे महिन्यात पाणी तोडायचं. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात, आणि पावसाळ्याच्या पहिल्या पाण्यासरशी ते फुलून येतं. मध्येच मे महिन्यात दणकून पाऊस झाला तर ताण तुटतो आणि झाड फुलाऐवजी पालवी फेकतं. ज्याने आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, धरला आहे, त्याच्या झाडावर त्याच वेळी गोटीएवढी फळं असतात. त्याला गारा नकोत, पण पाणी हवंच असतं. वरूड-मोर्शीत बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी एकाच ढगाकडे बघत असतात आणि दोघांचं मागणं वेगळं असतं.

गडचिरोली, गोंदियात मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं वेचतात, मे महिन्याच्या सुमारास तेंदूपत्ता. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, त्यावर कित्येक कुटुंबांचा वर्षाचा कपडालत्ता आणि पोरांची फी. पानाला गारेने भोक पडलं की ते बिडीच्या कामाचं राहत नाही. खुडून पुडे बांधून वाळत घातल्यावर पाऊस आला तर बुरशी.

आणि तरीही हाच पाऊस दुसरीकडे लोक डोळ्यांत प्राण आणून मागतात. कर्नाटकात कोडगूमध्ये फेब्रुवारी-एप्रिलात सर आली तरच कॉफी एकजात फुलते. ती चुकली तर तुषार लावून पाणी द्यावं लागतं. आसामात, बंगालात चैत्र-वैशाखातल्या वादळी सरींवर चहाची पहिली पालवी आणि तागाची पेरणी अवलंबून. तिकडे मार्च कोरडा गेला की त्यालाच दुष्काळ म्हणतात.

अंगणातलं नुकसान

कोकणात मे महिना आगोटीच्या तयारीचा. चार महिने घराबाहेर पडता येणार नाही या हिशेबाने सगळं भरायचं. लाकडं, शेणी, पापड, सांडगे, फणसाची पोळी, आमसुलं, सुकी मासळी. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद होते, त्यामुळे सुकटीला आणि बोंबलाला मे महिन्यातल्या उन्हाचाच आधार. देशावर याच दिवसांत कुरडया. गव्हाचा चीक, गच्चीवरच्या साड्या, शेजारणींची मदत. हे सगळं उन्हावर चालतं आणि बहुतांशी बायकांच्या कष्टावर. हापूसवर पावसानंतर करपा येतो, फळमाशी सुटते, त्याची बातमी होते आणि व्हायलाच हवी. आमसुलांची बातमी होत नाही. पंचनामा उभ्या पिकाचा होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती. अंगणात भिजलेल्या सालांना मात्र सातबारा नाही. सासूबाईंचे त्या वर्षीचे आमसुलांचे पैसे गेले ते गेलेच, आणि कुठल्याही कागदावर ते नुकसान म्हणून लिहिलं गेलं नाही. मला हे फार खटकतं.

विजेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. या महिन्यांत पिकापेक्षा न भरून येणारं नुकसान तिच्यामुळे होतं. ढग उंच, गडगडाटी असतात आणि माणसं उघड्या रानात. माणसं पळतात ती नेमकी झाडाखाली, कारण लहानपणापासून पावसात झाडाचाच आसरा घेतलेला असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसच्या आत आकडे मोजून झाले, तर वीज धोक्याच्या अंतरात आहे असं समजावं आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. काहीच नसेल तर झाडापासून, तारांपासून, पाण्यापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसावं. आडवं पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे, ते आसपास वीज पडण्याची शक्यता सांगतं. माझ्या माहेरच्या मेंढपाळांच्या मोबाइलवर मी ते स्वतः टाकून दिलं आहे.

परवा माहेरी गेले होते. वळीव होऊन दोन दिवस झाले होते. तिन्हीसांजेला भाऊ घमेल्यात रॉकेलमिश्रित पाणी आणि बॅटरी घेऊन लिंबाखाली उभा होता. वळवाची ओल लागली की जमिनीतून हुमणीचे भुंगे बाहेर येतात आणि अंधार पडताच कडुलिंब, बाभळीवर चढतात. फांदी हलवली की टपटप खाली पडतात. ते आत्ताच गोळा केले तर त्यांची अंडी रानात जात नाहीत आणि पावसाळ्यात उसाची, भुईमुगाची मुळं वाचतात. ही खूण वळीवच देतो. भाऊ फांदी हलवायचा, मी बॅटरी धरायची. तासाभरात घमेल्याचा तळ झाकला गेला.

सकाळी शेजारचे तात्या आले. त्यांनी बाजरी पेरायला घेतली होती. "ओल झालीय की रं, कशाला थांबतोस?" भाऊ काही बोलला नाही. खुरपं घेऊन रानात गेला आणि एका जागी उकरायला लागला. मीही वाकून बघितलं. वरची माती गार, काळीभोर, मुठीत दाबली की लाडू वळावा अशी. चार बोटांखाली रंग बदलला. तिथून खाली राखेसारखं कोरडं. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्याचं कारण या खड्ड्यात दिसत होतं. वरच्या ओलीवर बी उगवतं, कोंब खाली मूळ सोडतो आणि मुळाला काही सापडत नाही. जूनमध्ये दहा दिवसांची उघडीप पडली की सगळं जळतं आणि मग दुबार पेरणी, परत बियाणं, परत उसनवारी.

भावाने खड्डा पायाने बुजवला. घरी आल्यावर बियाण्याची पिशवी परत माळ्यावर ठेवली आणि कुळव जोडायला गेला.